‘माझा आवाज थोडा वर घे’

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, सुटलो. आई म्हणाली, “झालं ना वाजवून? मग आता रात्ररात्र तिथे बसून करता काय?” खरं उत्तर असं होतं की आता भांडतो. वाजवताना भांडायला सवड नसते. मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवताना, सगळे एका सोफ्यावर, समोर स्क्रीन, आणि प्रत्येकाचा कान फक्त स्वतःच्या वाद्यावर.

मी बँडमध्ये बेस गिटार वाजवते. बाकी एक गायक (गाणी बहुतेक त्यानेच लिहिलेली), दोन गिटार, ड्रम, आणि आठांपैकी चार गाण्यांत संबळ. संबळवाले काका बँडमधले नाहीत. त्यांच्या घरात गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नवरात्रात त्यांची तारीख मिळत नाही, म्हणून त्यांचं वाजवणं आम्ही पावसाळ्यातच उरकून घेतलं. पावसाळी हवेत चामडं ढिलं पडून त्याचा सूर उतरतो, त्यामुळे दर दोन टेकनंतर (एकदा सलग वाजवलं की एक टेक) काका संबळ हॅलोजनच्या दिव्यासमोर धरून बसायचे आणि स्टुडिओचं मीटर पळत राहायचं.

स्टुडिओ ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या जुन्या इंडस्ट्रियल गाळ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात पत्र्याचे पार्ट ठोकणारी पॉवर प्रेस. भिंतींना काळा फोम चिकटवला की बाहेरचा आवाज अडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. फोम शोषतो तो खोलीच्या आतला आवाज, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. बाहेरचा अडवायचा तर भिंतीला वजन लागतं आणि दोन भिंतींमध्ये फट लागते. इथे खोलीच्या आत दुसरी खोली बांधलेली आहे, तिची जमीन रबरावर तरंगती. तरी प्रेसचा दणका खांबांतून वर येतोच. म्हणून गाणं आणि ड्रम रात्री, नाहीतर खालच्या गाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी. मिक्सिंगला माइक बंद असतात, तेव्हा ही अडचण नव्हती. पण सगळे नोकरदार, म्हणून रात्रीच जमत राहिलो.

सुरुवातीच्या बैठका झाडलोटीत गेल्या. आमचा इंजिनिअर, त्याला सगळे दादा म्हणतात, ट्रॅकची, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगची, नावं वाचून आधी हसला आणि मग गप्प झाला. ‘गिटार फायनल’, ‘गिटार फायनल खरं’, ‘हेच घ्या’. नावं सुधारली, रंग दिले, रिकाम्या जागा कापल्या. गाण्याचे टेक ऐकून ओळीओळीने एक चांगला टेक जोडला. खुर्चीची करकर काढली, कागदाची फडफड काढली. श्वास मात्र दादाने काढू दिले नाहीत. “श्वास कापलेस तर स्टेशनवरची अनाउन्समेंट वाटेल,” एवढंच बोलला. सुरांच्या दुरुस्तीतही तो हात राखून होता. सूर आपोआप सुधारणारं ऑटोट्यून १९९७ पासून बाजारात आहे आणि आता ते सगळेच वापरतात, पण ते सरसकट लावलं की प्रत्येक स्वर जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं. आमच्या गायकाची अर्धी गंमत मींडेत, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात आहे. त्या मींडेचे जिने झाले असते. म्हणून मोजके चुकार स्वर हाताने सरळ केले, बाकी जसे होते तसे ठेवले.

आता माझं दुखणं.

आमचा गायक काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत गातो. गिटारवाल्यांना ते सोयीचं पडतं, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की मोकळी जाड तार थेट काळी दोनवर येते. माझ्या बेसची ती तार तेव्हा ३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ वेळा कंप पावते. हा झाला षड्ज. त्याचा शुद्ध गंधार येतो ४९ हर्ट्झला. आणि भिंतीतल्या प्लगमध्ये येणारी वीज असते ५० हर्ट्झची. म्हणजे काळी दोनमध्ये गाणाऱ्या प्रत्येक बँडसोबत महावितरण गंधार लावून बसलेलं असतं, तोही किंचित चढा. एका गाण्यात गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमधून (तारांचं कंपन टिपणाऱ्या वेटोळ्यातून) विजेची ती गुणगुण टेकमध्ये शिरली होती. मी गंधारावर थांबले की माझा स्वर आणि ती गुणगुण एकमेकांत मिसळून सेकंदाला एकदा फुगायची, ओसरायची. दादाने अरुंद फिल्टर लावून ५० हर्ट्झ कापून बघितलं. गुणगुण गेली आणि माझा गंधारही गेला, त्या एका स्वरावर बेस जणू जेवायला उठून जायचा. शेवटी कुऱ्हाड माझ्यावर चालवायची नाही, गिटारवर चालवायची असं ठरलं. गिटारच्या ट्रॅकला खालचे ७० हर्ट्झ लागतच नाहीत, तिथून खालचं सगळं उडवलं. ५० च्या वरच्या पटी, १००, १५०, त्या मात्र गिटारच्याच इलाख्यात येतात. तिथे फिल्टर न लावता ज्या जागी गिटार गप्प आहे तेवढ्या जागा हाताने बंद केल्या. गिटार वाजत असताना ती गुणगुण आहेच, पण झाकली जाते.

बेसचं दुसरं दुखणं मोबाइलचं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ३९ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, आणि आमची गाणी ऐकणारे निम्म्याहून जास्त लोक फोनवरच ऐकणार. यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो चक्क कानाला फसवण्याचा आहे. बेसच्या आवाजाला किंचित फाटका करायचा, म्हणजे त्यात ७८, ११७, १५६ अशा वरच्या पटी उमटतात. स्पीकर त्यातल्या जमतील तेवढ्या वाजवतो आणि खालचा मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. न वाजलेला स्वर ऐकू येतो. दादाने ती फाट इतकी बेताने दिली की मोठ्या स्पीकरवर ती कळत नाही, फोनवर मात्र बेस आहे हे कळतं. त्या रात्री मी माझ्यापुरती समाधानी होते. इतरांचं अजून सुरू व्हायचं होतं.

आमच्यातला खरा तंटा होता शब्दांचा. गायकाचं म्हणणं, शब्द ऐकू आलेच पाहिजेत. लिहिलेत कशाला मग. गिटारवाल्या दोघांचं म्हणणं, आवाज एवढा पुढे आणला की बँड मागे पडतो आणि आपण भावगीताला साथ करणारी मंडळी वाटतो. दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. मराठी गाणं ऐकायची आपली सवय आकाशवाणीने लावलेली. गळा पुढे, वाद्यं अदबीने मागे, एकही अक्षर निसटता कामा नये. रॉकचं मिक्स वेगळ्या शिस्तीचं. तिथे आवाज वाद्यांच्या भिंतीत चिणलेला असतो आणि शब्द पुसट झाले तरी कुणी तक्रार करत नाही. आम्ही दोन्ही ऐकत वाढलो, त्यामुळे कुठल्या सवयीने मिक्स करायचं हे कुणालाच धड सांगता येईना. प्रत्येक फेरीत गायक म्हणायचा, “माझा आवाज थोडा वर घे.” मग गिटारवाले म्हणायचे, “आमच्या पण घे.” मग ड्रमर. सगळं वर घेतलं की सगळं होतं तिथेच येतं, फक्त आवाजाच्या पातळीचं मीटर लाल होतं.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं, इथेही सांगते. मराठीत गाणाऱ्या बँडने शब्द गिळू नयेत. आपल्या श्रोत्याला दुसऱ्या ओळीपर्यंत शब्द कळले नाहीत तर तो गाणं सोडून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण त्यासाठी आवाज सरसकट वर नेणं हा आळशी मार्ग आहे.

या वादात कौल दिला तो माझ्या आत्याने. तिला न सांगता तिच्या फोनवर एक कच्चं मिक्स पाठवलं. गाण्याची पहिली ओळ ‘खाडीवरचा वारा खारा’. आत्याचा फोन आला, “छान आहे गं, पण हा गाडीवरचा वारा म्हणजे लोकलच्या दारातला का?” ग्रुपमध्ये दोन दिवस सगळ्यांनी गायकाला ‘गाडीवाले’ म्हणून हाक मारली.

दादाने ती एक ओळ उघडली आणि आम्हाला स्क्रीनजवळ बोलावलं. ‘खा’ जिथे सुरू होतो, बरोबर तिथेच संबळाची काठी पडत होती. ‘ख’मधला हवेचा फुसकारा हा क्षणभराचा असतो, आणि काठीचा कडाका नेमका त्याच वरच्या पट्टीत. कडाक्याने फुसकारा झाकला, उरला नुसता ‘आ’ आणि घशाचा थोडा धक्का. आत्याच्या कानाने त्याचा ‘गा’ केला. दादाने आवाजाचा फेडर, म्हणजे कमी-जास्त करायची सरकपट्टी, हलवलाच नाही. फक्त त्या ‘ख’वर, एका अक्षराच्याही अर्ध्या भागावर, दीड डेसिबलचा उंचवटा काढला आणि संबळाचा तेवढाच एक ठोका एक डेसिबल खाली दाबला. परत वाजवलं. खाडी. फोनवर वाजवलं. खाडी. गिटारवाल्यांनी विचारलं, “काय बदललंस?” त्यांना काही फरकच कळला नव्हता, म्हणजे काम झालं होतं.

मग त्याने हेच तत्त्व गिटारवर चालवलं. बोलण्यातली व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या टापूत. कानही तिथेच सर्वांत तिखट असतो, आणि फाटकी गिटारही तिथेच तळ ठोकून असते. दादाने दोन्ही गिटार डावी-उजवीकडे पार कडेला नेल्या, मधली गल्ली गायकासाठी मोकळी ठेवली, आणि गायकाने तोंड उघडलं की गिटार फक्त त्या टापूत अडीच-तीन डेसिबल मागे सरेल अशी जोडणी केली. ओळ संपली की गिटार आपोआप परत येते. ऐकताना हे सरकणं जाणवत नाही, भिंत आहे तिथेच वाटते. एका गिटारवाल्याला मात्र माहीत झाल्यापासून ते सतत ऐकू येऊ लागलं. त्याला एका रात्रीची सुट्टी दिली.

सोलोच्या बटणावर दादाची बंदी होती. आपला ट्रॅक एकटा काढून ऐकला की तो बारीक, हडकुळा वाटतो आणि माणूस भांडायला उठतो. सगळ्यांत मिळून तो कसा लागतो एवढंच बघायचं. शिवाय तो फार हळू आवाजात मिक्स करायचा, इतका की शेजारी कुणी चिप्स खाल्ले तर अडथळा व्हावा. ड्रमरला हे मुळीच मान्य नव्हतं. पण त्यामागे कारण आहे. आवाज मोठा केला की कानाला खालचे आणि वरच्या पट्टीतले दोन्ही आवाज वाढल्यासारखे वाटतात. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. मोठ्याने ऐकलेलं कुठलंही मिक्स छानच वाटतं. हळू आवाजात जे टिकतं ते टिकतं. त्याच्याकडे पांढऱ्या पडद्याची यामाहाची एनएस-१० जोडी आहे. हे स्पीकर १९७८ ला आले आणि २००१ ला बंद झाले. ऐकायला अजिबात गोड नाहीत, मधली पट्टी नको तितकी उघडी पाडतात. त्यावर शब्द लागले की कुठेही लागतात, असा त्याचा हिशोब.

हळू ऐकून झालं की मग बाहेरच्या परीक्षा. घोडबंदर रोडला गाडीतून ऐकणं, कारण तिथे वाहतूक तुंबलेली असते आणि अख्खं गाणं निवांत ऐकून होतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये इअरफोन. माझ्या घरचा टीव्ही. गाडीत खर्ज जास्त निघाला, लोकलमध्ये कमी. दादाने दोन्ही तक्रारी वहीत लिहून घेतल्या आणि कशालाच हात लावला नाही. एकमेकांच्या विरुद्ध तक्रारी आल्या की मिक्स मधोमध आहे असं समजायचं, हे त्याचं मत.

मग एका संध्याकाळी काका आले. पैशांचं राहिलेलं देणं होतं, ते घ्यायला आले होते, आम्ही आग्रहाने बसवलं. चारही गाणी ऐकली. मान हलवली, ठेका धरला. आणि संपल्यावर म्हणाले, “ताई, वाजतंय झ्याक. पण माझं संबळ कुणी डब्यात घालून ठेवलं?”

कुणी काही बोललं नाही, कारण डबा आम्हीच बनवला होता. संबळाला तीन माइक लावले होते. दोन जवळून, दोन्ही तोंडांना एकेक, आणि तिसरा खोलीत तीनेक मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे लांबच्या माइकपर्यंत ठोका पोचायला नऊएक मिलिसेकंद उशीर. जवळचे आणि लांबचे माइक एकत्र वाजवले की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून सुरुवातीलाच लांबचा माइक बंद केला होता, आणि जवळच्यांवर गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं साधन, लावून दोन ठोक्यांमधला घुमारा छाटला होता. ड्रमसोबत सगळं स्वच्छ, सुटसुटीत बसत होतं. ते स्वच्छ होतं हेच काकांना खटकलं. मोकळ्या अंगणात, देवीपुढे, माणसांच्या गर्दीत वाजणाऱ्या वाद्याची ओळख त्याच्या घुमाऱ्यात असते, आणि तोच आम्ही कापून टाकला होता.

दादाने गेट काढले. लांबचा माइक उघडला. मग तो ट्रॅक थोडाथोडा पुढे-मागे सरकवत बसला. पूर्ण जुळवला तर संबळ अंगावर आल्यासारखं वाटे, मुळीच न जुळवता ठेवला तर पोकळ. शेवटी पूर्ण न जुळवता, थोडा उशीर ठेवून, त्या माइकच्या ट्रॅकमधली लहर उलटी केल्यावर मोठ्या तोंडाचा खर्ज अचानक भरून आला. काका खुर्चीतून पुढे सरकले. “हां. आता बोलतंय.” पण त्या घुमाऱ्याला जागा करून द्यायची तर कुणीतरी हटायला हवं होतं. ड्रमचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि माझा बेस, दोघांना खाली सरकावं लागलं. मी निमूटपणे सरकले. ड्रमर सरकला, पण निमूटपणे नाही. त्याचं म्हणणं आजही तेच आहे की तिसऱ्या गाण्यातला त्याचा किक पाहुण्यासाठी बळी गेला.

गायकाच्या आवाजाचा निकाल मात्र अगदीच अनपेक्षित लागला. दादाने एका गाण्याची दोन मिक्स बनवली, एकात आवाज अर्धा डेसिबल वर, दुसऱ्यात आहे तसा, आणि कुठलं कुठलं ते न सांगता आलटून पालटून वाजवलं. कुणालाही ओळखता येईना, गायकालाही नाही. गिटारवाले हसले, म्हणजे इतके दिवस भांडत होतो ते कशासाठी. गायक शांतपणे म्हणाला, “फरक कळत नाही ना? मग वरचंच ठेव.” यावर उत्तर नव्हतं. वरचंच ठेवलं.

मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या हाताला, गाणी दुसऱ्या माणसाकडे गेली. मिक्स करणाऱ्याचे कान तोवर त्या गाण्यांना सरावून निकामी झालेले असतात. तिथेही ड्रमरने ‘सगळ्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे’ असा निरोप पाठवला. त्याला सांगावं लागलं की स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं वाजतं ते मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. तू दाबून दाबून मोठं केलंस तर ते तिथे खाली ओढलं जाणार, आणि दाबताना मेलेले ठोके काही परत येणार नाहीत. त्याला फक्त ‘ठोके मरतात’ एवढं पटलं.

उरली कागदपत्रं, ज्यात कुणालाच रस नसतो आणि जी कुणीतरी करावीच लागतात. ती माझ्याकडे आली, कारण मी ऑफिसात एक्सेल भरते. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. नुसत्या वाद्यांची वेगळी आवृत्ती काढली तर तिला वेगळा. गीतकार-संगीतकारांची नावं नीट भरणं यात आळस करू नये. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे, पण फॉर्ममध्ये नावच नसेल तर तो पोचणार कुणाकडे. एका गाण्याचं ध्रुवपद काकांच्या घरात चालत आलेलं आहे. तिथे गीतकार म्हणून आमच्या गायकाचं नाव टाकायला तो स्वतःच तयार नव्हता, ‘पारंपरिक’ लिहिलं, आणि वादक म्हणून काकांचं नाव चारही गाण्यांना. काकांना विचारलं नाव कसं लिहू, तर म्हणाले, गावासकट लिही. फॉर्ममध्ये गावाची जागा नव्हती. आडनावापुढे लिहिलं.

आता तालमी सुरू आहेत, आणि त्यात नवीन भानगड निघाली आहे. मंचावर संबळाला लांबचा माइक लावता येत नाही. ड्रमचा सगळा गोंगाट त्यात शिरतो आणि फीडबॅकची शिट्टी वाजते. म्हणजे घुमारा पुन्हा गेला. काकांनी उपाय सुचवला आहे की ड्रमवाल्या दादांनी जरा हळू वाजवावं. ड्रमरने अजून उत्तर दिलेलं नाही.